दोन सूत आत

माप घेताना सगळेच पोट आत ओढतात.
चाळीस वर्षं रावपुऱ्यात टेप गळ्यात घालून बसलोय,
मला फसवणं सोपं नाही, असं मी ऋजुताला म्हटलं होतं,
ती आणंदच्या हॉस्टेलवर जाताना
पिंजरा माझ्या इस्त्रीच्या टेबलाखाली सरकवत होती तेव्हा.
"बाबा, हा आजारी पडला तर सांगणार नाही.
तुम्हालाच बघावं लागेल."
कापड तरी कुठं बोलतं, मी म्हटलं.

मुनीम. नाव तिनंच ठेवलेलं.
पोट सुटलेलं, शेपूट नाही,
मशीन थांबलं की मान वर करून
हिशेब मागणारा गिनीपिग.
कोथिंबिरीची पिशवी ओट्यावर कुरकुरली
की आतून शिट्टी.
समोरच्या चष्मेवाल्यालाही कळायचं, बोंगाळेंची भाजी आली.

संक्रांतीच्या आदल्या दिवशी शिट्टी आली नाही.
मला वाटलं, गच्चीवरच्या भोंग्यांत विरली असेल.
पेरूची फोड उचलली, सोडली, पुन्हा उचलली.
हनुवटी ओली.
मला वाटलं, पाणी प्यायला असेल.
अंगावरचे केस उभे, कांजी न बसलेल्या सुतासारखे.
मला वाटलं, थंडी.
लेंड्या मोहरीएवढ्या, मोजून अकरा.
याला मात्र मला काही वाटून घेता आलं नाही.

रात्री दिवा लावला तर कोपऱ्यात पाठ गोल करून,
डोळे अर्धे मिटून.
मी वाकलो तसा झटकन ताठ झाला,
गवतात तोंड घालून चावल्यासारखं केलं.
गवत तसंच.
अरे, पोट आत ओढतोयस होय.

दर रविवारी वजन लिही, असं तिनं बजावलेलं.
मापवहीतच एक पान त्याच्या नावाचं:
नऊशे चाळीस. नऊशे छत्तीस.
मग कमुरता संपल्यावरच्या लग्नांचे सूट,
तीन रविवार कोरे.
आत्ता, आठशे एकोणसत्तर.

पान उलटलं तर मागे पागेदारसाहेब.
कंबर छत्तीस. साडेचौतीस. तेहतीस.
एका वर्षात तीनदा पँट आत घ्यायला आले,
"कमाटीबागेत चालायला लागलोय," म्हणाले.
मी म्हटलं, छान.
खडूनं खूण केली, दोन सूत आत, चार सूत आत,
पैसे घेतले.
तिसरी पँट अजून खुंटीला आहे.

वासी उत्तरायणच्या सकाळी कारेलीबागेतला दवाखाना
खोक्याखोक्यांत कबुतरं,
मांज्यानं चिरलेले पंख,
एक पोरगा शर्टात घार गुंडाळून रडत होता.
सगळ्यांचं रक्त दिसत होतं.
माझ्या टोपलीकडे बघून एक बाई म्हणाल्या,
"काका, आने क्यां वाग्युं?"
वाग्युं नथी, मी म्हटलं. गप्प आहे.

ब्रह्मभट्ट मॅडमनी तोंडात बारीक दिवा धरला.
मागच्या दाढा वाढून जिभेवर कमान झालेली,
खाली जीभ अडकलेली, पेरूचा एक कण.
भूक होती. गिळता येत नव्हतं.
उशीर केलात, असं त्या म्हणाल्या नाहीत.
मीच म्हटलं.

आता दर तीन तासांनी गजर,
सुई नसलेल्या सिरिंजमधून हिरवा लगदा,
निम्मा माझ्या बाहीवर.
वजन रविवारी नाही, रोज.
आठशे एकसष्ट. आठशे एकसष्ट. आठशे सदुसष्ट.
सहा ग्रॅम म्हणजे कोटाची चार बटणं.
हातात घेऊन पाहिली मी, जड लागतात.
शिट्टी अजून नाही.
पिशवी मुद्दाम दोनदा कुरकुरवतो.

काल एकजण आला, पँट सैल होते म्हणाला,
जरा आत घ्या.
खडू उचलला, पुन्हा ठेवला.
जेवण जातं का, मी विचारलं.
तो हसला,
आणि टेप लावायच्या आधीच
पोट आत ओढलं.